काकांचे १५५, घड्याळाचे १४२

एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्यायचं. शेवटचा मोबाइल घेताना तुम्ही किती दिवस घातलेत? आठ? पंधरा? मी एका घड्याळासाठी दोन महिने घातले. ऑफिसच्या लॅपटॉपवर कामाच्या विंडोमागे अकरा टॅब उघडे, शिवाय एक एक्सेल शीट. तिच्यात वजन, बॅटरी, स्क्रीन, किंमत असे रकाने आणि प्रत्येक रकान्याला वेगळे मार्क! टीमचं अप्रेझल करतानाही मी एवढा न्यायनिष्ठुर नसतो. शेवटी एकदा आईने मागून डोकावून पाहिलं.

"घड्याळ घेतोयस? वेळ बघायला?"

"नाही गं, अंतर बघायला."

"मग वेळ कशात बघणार?"

"मोबाइलमध्ये."

आई काही न बोलता आत गेली. आत बाबांना काहीतरी म्हणाली आणि दोघंही बराच वेळ हसत होते.

तर मंडळी, विषय आहे गोल्फचं जीपीएस घड्याळ. थांबा, लगेच पान उलटू नका! मला कल्पना आहे, गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ढेरपोट्या उद्योगपती आणि त्याच्यामागे छत्री धरून धावणारा माणूस. मीही कोथरूडच्या बोळात टेनिस बॉलने क्रिकेट खेळूनच मोठा झालोय. पण आमच्या कंपनीत निम्मे निर्णय मीटिंग रूममध्ये होतात आणि उरलेले निम्मे रविवारी सकाळी गोल्फ कोर्सवर. त्या दुसऱ्या निम्म्यात मी कधीच नसायचो. प्रोजेक्ट माझं, रात्री जागायचो मी आणि सोमवारी कळायचं की डेडलाइन रविवारीच नवव्या आणि दहाव्या होलच्या मध्ये बदलली! मग एक दिवस बॉसला म्हटलं, मलाही न्या. तो स्वतः मेंबर, मी त्याचा पाहुणा. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. सुरुवात पोटासाठी केली होती, आता व्यसन लागलंय.

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १८ होल, बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. लांबचे शॉट सोडले तर प्रत्येक क्लबने जवळपास एकाच ताकदीने मारायचं असतं. बॉल किती लांब जाणार हे ठरतं कोणता क्लब उचलला त्यावर. म्हणजे सरळ मारता येणं ही पहिली पायरी आणि इथून झेंडा किती लांब आहे हे कळणं ही दुसरी. ते अंतर मोजतात यार्डात. यार्ड म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपला वार. नऊवारीतला वार! आई अजूनही कापड मोजते ते नाकापासून लांब केलेल्या हाताच्या बोटापर्यंत एक वार, असं. झेंडा १४२ यार्डांवर आहे म्हणजे मधे साधारण सोळा नऊवाऱ्या अंथरायच्या. मला तरी हा हिशोब चटकन कळतो.

हे अंतर मला आजवर कोण सांगत होतं? आमचे काका.

काका म्हणजे माझे कॅडी. वय साठीच्या आसपास, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. कॅडी म्हणजे बॅग उचलणारा माणूस असं तुम्हाला वाटत असेल, तर मलाही तसंच वाटायचं. पण बॅग हा त्या कामाचा सगळ्यात सोपा भाग. बॉल कुठल्या झाडीत घुसला यावर नजर ठेवणं, बंकरमधली वाळू सारखी करणं, ग्रीनवर कुठल्या बाजूला उतार आहे ते ओळखणं आणि मुख्य म्हणजे कुठला क्लब ते सुचवणं, हे सगळं कॅडीचं. सोमवारी आमचा कोर्स मेंबरांना बंद असतो. त्या दिवशी कॅडी खेळतात. कुणीतरी टाकून दिलेल्या अर्ध्या सेटने काका जे खेळतात ना, ते आमच्यातल्या निम्म्या मेंबरांना या जन्मात जमायचं नाही. भारतातल्या गोल्फमध्ये हे नवीन नाही म्हणा. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, दिल्लीचा अली शेर, हा मुळात कॅडी. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा ती स्पर्धा जिंकणाऱ्या चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनकीपर. ही नावं मला पेपरात वाचून माहीत नाहीत, काकांनी सांगितली. वर्षांसकट.

मी विचारायचो, "काका, किती?" काका एकदा पुढे बघायचे, एकदा झाडांच्या शेंड्यांकडे बघायचे आणि आकडा सांगायचे. बस्स. दोन वर्षं आमचं हे असं छान चाललं होतं.

मग एका मित्राने आठवडाभरासाठी आपलं घड्याळ दिलं. भारीतलं, रंगीत स्क्रीनवालं. "वापरून बघ, मग घे," म्हणाला. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीची स्पर्धा होती. क्लायंट आलेला, बॉस आलेला, सगळे पांढऱ्या टी-शर्टात. एरवी सगळ्यांसमोर एवढी ऐट करण्याची संधी मला कधी मिळते?

चौथा होल. माझा दुसरा शॉट.

"काका, किती?"

"एकशे पंचावन्न."

मी स्टायलीत मनगट वर केलं. घड्याळ म्हणत होतं १४२.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की घड्याळ मीटरमध्ये असणार. कारण १४२ मीटर म्हणजे बरोबर १५५ यार्ड! मी मनातल्या मनात काकांना सलामही ठोकला. खात्री करावी म्हणून सेटिंग उघडलं, तर तिथे यार्डच.

"काका, १४२ आहे."

"असेल साहेब."

"असेल नाही काका, आहेच. सॅटेलाइटवरून येतं हे."

शेजारच्या गाडीतून बॉस ओरडला, "मामा, आता रिटायर व्हा! सॅटेलाइट आलं!"

सगळे हसले. क्लायंटला मराठी येत नाही, तोही हसला. मीही हसलो. काकाही हसले, पण तेवढ्यापुरतेच.

मी सात नंबर मागितला. माझा सात नंबर १४५ यार्ड जातो, त्यामुळे प्रश्नच नव्हता. शॉट चांगला बसला. आवाजसुद्धा चांगला आला. आणि बॉल ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये जाऊन रुतला. मी स्विंगला दोष दिला. सहाव्या होलला तेच. सातव्याला तेच. दुपारपर्यंत मी त्या कोर्सवरचा प्रत्येक बंकर आतून पाहिला होता. एरवी शंभरच्या आतबाहेर संपवणारा मी, त्या दिवशी १०९ वर थांबलो. चौथ्या होलनंतर काका स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत. क्लब मागितला की देत होते, बॉल सापडला की हात वर करत होते, एवढंच.

राउंड संपल्यावर मी ठरलेल्या पैशांवर नेहमीपेक्षा मोठी नोट ठेवली. काकांनी ठरलेले पैसे मोजून घेतले आणि वरची नोट परत केली.

"आज मी काही केलंच नाही साहेब."

मला गाडीत बसेपर्यंत ते नीट कळलंच नाही. कळल्यावर एसी लावूनही घाम फुटला.

आता जरा वेळ मशीनकडे वळतो, कारण ते घड्याळ खोटं बोलत होतं असं तुम्हाला वाटायला नको. ते खरंच बोलत होतं. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह आणि प्रत्येकात एक अणुघड्याळ. प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो, मी इथे आहे आणि आत्ता एवढे वाजलेत. तो सिग्नल आपल्या मनगटापर्यंत यायला सेकंदाचा साधारण सात शतांश भाग लागतो. असे निदान चार सिग्नल मिळाले की आपण कुठे उभे आहोत ते निघतं. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकतं! म्हणजे अंतर सांगणारं हे घड्याळ आतून शंभर टक्के घड्याळच असतं. हे मी आईला जाऊन सांगितलं. "मग वेळ दाखवतं का नाही?" दाखवतं. "मग तसं सांगायचं की."

मे २०००पर्यंत अमेरिका आम जनतेच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करून ठेवायची. तेव्हा चूक शंभर मीटरपर्यंत जायची, म्हणजे गोल्फला त्याचा काही उपयोग नव्हता. ती गडबड बंद झाली म्हणून आज मोकळ्या आकाशाखाली साधं घड्याळसुद्धा तीन ते पाच मीटरच्या आत अचूक सांगतं. आणि गोल्फ कोर्स म्हणजे मोकळं आकाशच! म्हणून दुकानदार 'ड्युअल फ्रीक्वेन्सी, मल्टी बँड' असलं काही ऐकवायला लागला तर गोल्फपुरतं फार मनावर घेऊ नका. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा सह्याद्रीच्या घळीत त्याचा उपयोग. हिंजवडीत पळायला जात असाल तर वेगळी गोष्ट.

पण खरी गंमत पुढेच आहे. हे घड्याळ झेंड्यापर्यंतचं अंतर मोजतच नाही! त्याला झेंडा दिसत नाही. त्याला फक्त तुम्ही कुठे आहात ते कळतं आणि त्याच्या पोटात जगभरातल्या चाळीस हजारांहून जास्त कोर्सचे नकाशे भरलेले असतात. नकाशावर ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड. तीन आकडे. झेंडा मात्र रोज हलवतात. ग्रीन तीस यार्ड खोल असलं, तर पुढचा झेंडा आणि मागचा झेंडा यात दोन-तीन क्लबांचा फरक पडतो. महागड्या घड्याळात झेंड्याचं चित्र बोटाने सरकवता येतं, पण आज तो कुठे लावलाय हे आधी माहीत तर हवं! काकांना ते माहीत असतं, कारण सकाळी सहा वाजता ते त्या ग्रीनशेजारूनच चालत आलेले असतात.

पावसाळ्यात तर आणखी मजा. ग्रीनचं काम चालू असलं की आमच्याकडे अलीकडे तात्पुरतं ग्रीन आखतात. घड्याळ इमानेइतबारे जुन्या ग्रीनचंच अंतर सांगत राहतं. बिचाऱ्याला कोण कळवणार?

असो. पुढच्या रविवारी मी अर्धा तास आधी पोचलो. गेटबाहेरच्या टपरीवर काका चहा घेत होते. मी कार्यालयात इतक्या जणांची माफी मागतो, ईमेलवर तर रोजच, पण तिथे शब्दच सापडेनात.

"काका, त्या दिवशीचं..."

"चहा घ्या साहेब."

चहा घेतला. मग काका आपणच म्हणाले, "घड्याळ बरोबरच होतं तुमचं."

"मग तुम्ही १५५ का सांगितलंत?"

काका जे हसले! त्या दिवशीचं हसू नव्हतं हे. म्हणाले, "संध्याकाळी या. कोर्स रिकामा झाल्यावर. आणि ते घड्याळ घेऊन या."

मित्राला फोन करून घड्याळ आणखी दोन दिवस मागून घेतलं. स्टार्टरला विचारून संध्याकाळी एका रिकाम्या फेअरवेवर आम्ही गेलो. काकांनी मला सात नंबर दिला आणि वीस बॉल जमिनीवर ओतले. मारा म्हणाले. बास, बाकी काही सूचना नाही. वीस बॉल मारले. मग आम्ही चालत निघालो. घड्याळात शॉटचं अंतर मोजायची सोय असते. जिथून मारलं तिथे एक बटण दाबायचं आणि बॉलपर्यंत चालत जायचं. काका प्रत्येक बॉलजवळ थांबायचे, मी आकडा वाचायचो आणि काका तो माझ्याच स्कोअरकार्डाच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचे. १३१. १२६. ११९. १३४. एक टप्पा खाऊन १४४. एक लाजिरवाणा ८२. एकदम भलते सोडून दिले आणि बाकीच्यांची सरासरी काढली. १२८.

माझ्या डोक्यात १४५ होते. ते कुठून आले यावर मी घरी येऊन बराच विचार केला. एकदा, एका मे महिन्यात, जमीन दगडासारखी कडक असताना, पाठीमागून वारा असताना, माझा सात नंबरचा एक शॉट १४५ गेला होता. तो एकच शॉट मी दोन वर्षं सांभाळून ठेवला होता. लग्नाच्या साइटवर दहा वर्षांपूर्वीचा फोटो लावतात ना, तसं.

"तुम्हाला खरं १४२ सांगितलं तर तुम्ही सात नंबर मागणार," काका म्हणाले. "सात नंबरने तिथे जात नाही. सहा घ्या म्हटलं तर तुम्ही म्हणणार, माझा सात जातो. कुठे वाद घालायचा? म्हणून मी आकडाच १५५ सांगतो. मग तुम्हीच सहा मागता."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बॉसला?"

"त्यांना वीस लावतो."

(बॉसला मी हे सांगितलेलं नाही. तो मराठी साप्ताहिकं वाचत नाही, या एका भरवशावर हा मजकूर छापायला देतोय.)

कोर्सवर एक सतरा वर्षांची मुलगी येते, कुणा मेंबरची लेक, राज्य पातळीवर खेळते. तिला किती लावता, म्हणून मी विचारलं. काका म्हणाले, "तिला खरं सांगतो. तिला तिचा खेळ माहितीये."

घरी येऊन एक्सेल शीट उघडली आणि अर्ध्याहून अधिक रकाने डिलीट केले. रकाने उडवताना जे काही हाताशी उरलं ते सांगतो. तुमच्यापैकी कुणी घड्याळ घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी कंपनीच्या साइटवर जाऊन तुमचा कोर्स त्यांच्या यादीत आहे का ते बघा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण आपल्याकडे नऊ होलचे, लष्करी छावण्यांमधले लहान कोर्स बरेच आहेत आणि ते यादीत असतीलच असं नाही. कोर्स नसेल तर ते घड्याळ म्हणजे मनगटावरचा दागिना. दुसरं, स्क्रीन. दुकानात रंगीत, झगझगीत अमोलेड स्क्रीन बघून जीव जातो, खरं आहे. पण तुम्ही ते वापरणार एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात. साध्या परावर्तक स्क्रीनचं उलटं असतं, ऊन जितकं जास्त तितकी ती स्वच्छ दिसते आणि बॅटरीही कमी खाते. गार्मिनचं २०२१ साली आलेलं अप्रोच एस१२ हे असंच, काळं-पांढरं, बटणांचं. कंपनी म्हणते जीपीएस चालू ठेवून ३० तास चालतं. त्यांचंच २०२३चं एस७० अमोलेडवालं, दिसायला देखणं, मोठ्या आकारात २० तास. एका राउंडला चार-साडेचार तास लागतात, म्हणजे दोन्ही पुरून उरतात. अ‍ॅपल वॉच आधीच हातात असेल तर गोल्फचं अ‍ॅप टाकून भागतं, फक्त संध्याकाळी चार्जर शोधायची तयारी ठेवा.

बटणं की टचस्क्रीन? उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो आणि घड्याळही डाव्याच, त्यामुळे ग्लोव्हची अडचण येत नाही. अडचण पावसाची. जुलैत भिजलेल्या टचस्क्रीनवर बोट फिरवून बघा, ती स्वतःच्या मर्जीने पानं उलटत बसते. मी बटणांच्या बाजूचा. आणि दुकानात घड्याळ हातात घालून मनगट मागे मोडून बघाच. जाड घड्याळाची कड बॅकस्विंगमध्ये हाताच्या पाठीत रुतते. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

मग शॉट आपोआप नोंदवण्याची सोय. शॉट स्कोपसारख्या कंपन्या क्लबच्या दांड्यांना लावायला छोटे टॅग देतात, म्हणजे कुठला शॉट कुठल्या क्लबने मारला ते कळतं. नुसत्या घड्याळाला मनगटाच्या झटक्यावरून मोठे शॉट ओळखता येतात, ग्रीनजवळचे हलके शॉट आणि पट नाहीत. ते हातानेच नोंदवायचे. या सोयीला मी आधी शून्य मार्क दिले होते, आता सगळ्यात जास्त दिले. का, ते वर आलंच आहे! मात्र काही ठिकाणी नोंदींचा अभ्यास बघायला दरवर्षी वेगळे पैसे भरावे लागतात. किमतीत तो आकडाही धरा.

आणि ते 'प्लेज लाइक'. चढ आहे तर वाढवून सांगा, उतार आहे तर कमी करून सांगा, अशी महागड्या घड्याळांची हुशारी. मित्राच्या घड्याळात ती होती, मी स्पर्धेसाठी बंद केली होती. करावीच लागते. २०१९च्या नियमांपासून नुसतं अंतर मोजायला सर्रास परवानगी आहे, पण चढउताराचा हिशोब यंत्राने केलेला चालत नाही. पहिल्या चुकीला दोन स्ट्रोक दंड, दुसऱ्या चुकीला सरळ बाद. आता गंमत बघा. जे यंत्राने सांगायला बंदी आहे, तेच कॅडीने सांगायला पूर्ण मुभा आहे! चढ, उतार, वारा, ओली जमीन, झेंडा, खेळणाऱ्याचा अहंकार... काकांनी यातलं काहीही हिशोबात धरलं तरी नियमाची हरकत नाही.

किमती सांगायच्या तर साधं घड्याळ वीस-बावीस हजारांच्या घरात, मिरवायचं सत्तरच्या घरात. मधे बरंच काही आहे. मी एस१२ घेतलं. दुकानदाराने "सर, यात कलर नाही" असं तीनदा बजावलं.

घड्याळ आल्यावर पहिला हात लावला तो काकांनी. राउंड सुरू व्हायला वेळ होता. काकांनी ते मनगटावर बांधलं आणि एकटेच पहिल्या फेअरवेवर निघाले, दीडशे यार्डांच्या खुणेपाशी थांबले, पुढे गेले, दुसऱ्या होलची खूण बघितली, तिसऱ्याची बघितली. मी टीवर उभा राहून बघत होतो. वीस मिनिटांनी परत आले.

"तिसऱ्याची खूण दहा यार्ड पुढे लागलीये. मी किती वर्षं सांगतोय, कोणी ऐकतच नाही."

"आता ऐकतील. सॅटेलाइट म्हणतंय."

काकांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. खूण अजून तिथेच आहे, पण सेक्रेटरींनी लिहून घेतलंय.

त्या दिवशी चौथ्या होलला माझा बॉल जवळपास तिथेच पडला, जिथे स्पर्धेच्या दिवशी पडला होता. मी मनगट बघितलं. मधला आकडा १३९. काहीच बोललो नाही, मनगट नुसतं काकांपुढे धरलं. त्यांनी आकडा पाहिला, मग नेहमीसारखं झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं.

"पिन मागे आहे. सकाळी बघितली. दहा वाढवा. एकशे एकोणपन्नास."

"खरे की माझे?"

"खरे."

मी पाच नंबर मागायला वळलो. काकांनी तो आधीच बॅगेतून अर्धा वर काढून ठेवला होता.